जवारी

आमच्या मिरजेच्या भागात 'जवारी' म्हणजे गावठी, इथल्या मातीतलं. जवारी लसूण, जवारी मिरची, जवारी कोंबडीचं अंडं. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईला आजी आधी विचारायची, "जवारी हाय का हायब्रीड?" आणि उत्तर पटलं तरच तिच्या पुढ्यात बसायची. त्यामुळे आत्या एकदा म्हणाली, "तंबोऱ्याची जवारी गेलीय, उद्या गल्लीत न्यायला पाहिजे," तेव्हा तंबोऱ्यातलं अस्सल काहीतरी निघून गेलंय, एवढंच मला कळलं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. शब्दाचा तो अर्थ नव्हता, हे दुसऱ्याच दिवशी समजलं. पण गेल्या पंचेचाळीस वर्षांत जे जे संगीत माझ्यात रुतून बसलं, ते आठवायला लागलं की मला तोच अर्थ खरा वाटतो.

गल्ली म्हणजे सतारमेकर गल्ली. एकोणिसाव्या शतकात मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी, तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाला आनंद झाला, आश्चर्य मात्र कुणाला वाटलं नाही. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू जातीचे, जाड सालीचे. दुकानांच्या माळ्यावर ते टांगलेले असतात आणि खालून टिचकी मारली की प्रत्येकाचा आवाज निराळा येतो.

आत्यानं तंबोऱ्याला गवसणी घातली. टांग्यात तंबोरा मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. गल्लीत वाद्यं करणाऱ्या चाचांनी तो मांडीवर घेतला, तारा एकदा छेडल्या आणि काही न बोलता मान हलवली. मग चारही तारा सैल करून, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून बाजूला सारल्या. घोडी सांबरशिंगाची होती, पिवळट पडलेली. तारांनी वर्षानुवर्षं घासून तिच्यावर चार बारीक खाचा पडल्या होत्या, नखाला लागतील एवढ्याच. चाचांनी कानस घेतली आणि दोनदा फिरवली, फक्त दोनदा. फुंकर मारली. तार परत चढवली, सुरात आणली, छेडली, ऐकली, उतरवली. परत दोनदा कानस. असं तासभर चाललं. प्रत्येक खेपेला तार थोडं वेगळं बोलत होती, त्यामुळे मी जागचा हललो नाही. आत्यानं मधेच विचारलं, "चाचा, अजून किती?" ते वर न बघता म्हणाले, "ताई, हाडाला घाई चालत नाही."

शेवटी त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा तोडला, ओठांतून ओढून ओलसर केला आणि तार नि घोडी यांच्या मधे सरकवला. मग नखानं रेटत रेटत पुढं आणला. एका जागेपर्यंत तार नुसती 'टण्' करत होती. त्याच्या पुढच्या केसभर जागेवर ती उघडली. पितळी पातेल्यातलं पाणी उकळी धरायच्या आधी जसं गुणगुणायला लागतं, तसा आवाज तारेतून निघाला आणि संपेचना. तंबोऱ्याची जवारी ती हीच.

"खर्जात कान घाल," चाचा मला म्हणाले. "गंधार सापडंल."

चारपैकी एकही तार गंधाराची नव्हती. एक पंचम, दोन जोडाच्या म्हणजे मधल्या षड्जाच्या, एक खर्ज म्हणजे खालचा षड्ज. मी कान भोपळ्याशी नेला. आधी नुसता कल्लोळ वाटला. मग त्यातून, कुणीही न लावलेला गंधार हळूच वर आला, बारीक आणि लखलखीत. गवई याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्या वयात मला ते नाव माहीत नव्हतं. नसलेला सूर ऐकू आला, एवढंच माहीत होतं, आणि ते मी घरी गेल्यावर कुणालाही सांगितलं नाही.

पुढं कॉलेजात कळलं की या गोष्टीनं सी. व्ही. रामन यांनाही पछाडलं होतं. तार जिथं छेडाल, तिथं ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ सुराबरोबर वर उमटणाऱ्या सुराचा, स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटता कामा नये, असा युरोपातला जुना नियम. १९२१ साली रामन यांनी तंबोरा आणि वीणा तपासून लिहिलं की इथं तो नियम टिकत नाही, न येणारे सूरसुद्धा जोरदार येतात. कारण ती रुंद, उतरती घोडी. तार एका टोकावर टेकून मोकळी थरथरत नाही, दर कंपनात घोडीच्या पाठीला घासून जाते आणि त्या घासण्यातून वरचे सूर भरत राहतात. दोऱ्याचं काम फक्त ती जागा नेमकी पकडायचं. सुराच्या वाटेत काहीतरी आडवं घातलं की सूर वाढतो! इतकी वर्षं झाली, पण या विचाराचं मला वाटणारं नवल तसूभर कमी झालेलं नाही.

त्याच सुमाराची आणखी एक रात्र आहे. आजोबा माळकरी. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात. रात्री दोन ते चारचा पहारा आजोबांचा असायचा आणि मी हट्टानं बरोबर जायचो. एका रात्री ते म्हणाले, "जरा धर, बाहेर जाऊन येतो." त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या. मी इतका घाबरलो की उलटा नमस्कार करायचा राहून गेला. खांबाला टेकून दोन म्हातारे झोपले होते. बाहेर कुत्रं भुंकत होतं. ती वीणा काही चांगली जुळलेली नव्हती, तिची घोडी कुणी गल्लीत नेऊन घासून आणलेली नव्हती. पण तिच्यात एक किरकिर होती आणि ती भोपळ्यातून थेट माझ्या बरगड्यांत उतरत होती. 'रामकृष्णहरी' म्हणताना माझाच आवाज मला जाड, मोठ्या माणसाचा वाटायला लागला. आजोबा परत आले तेव्हा वीणा द्यावीशी वाटेना.

माझी सगळी आवड या दोन जागांवरून निघते. बाकी जे आलं ते नंतरचं.

१९८८ला मी पुण्यात होस्टेलवर होतो. आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी तेव्हा पुण्यात शिकायला असत. माझ्या शेजारच्या खोलीत झिंबाब्वेचा, शोना जमातीचा एक मुलगा राहायचा. त्याच्याकडे म्बिरा होती. जाड लाकडी फळी, तिच्यावर ठोकून चपट्या केलेल्या वीस-बावीस लोखंडी पट्ट्या. दोन्ही अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी, एवढ्यावर तो वाजवायचा. फळीच्या खालच्या अंगाला बाटल्यांची बुचं सैलसर अडकवलेली होती. पट्टी दाबून सोडली की पावसाच्या थेंबासारखा सूर यायचा आणि त्याच्या मागोमाग बुचं खरखरायची. पहिल्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "बुचं ढिली झालीत, माझ्याकडे पक्कड आहे, घट्ट करून देतो."

त्यानं फळी छातीशी धरली. मग शांतपणे समजावलं. पूर्वी इथं गोगलगायीच्या शंखांचे तुकडे बांधत, आता बुचं. खरखर नसेल तर त्याच्या आजीला वाजवणं अर्धवट वाटायचं. त्यांच्याकडे 'बिरा' नावाचा विधी रात्रभर चालतो, घरातल्या गेलेल्या माणसांना त्यात बोलावतात, आणि ही खरखर ऐकल्याशिवाय ती येत नाहीत असं त्याच्या घरात मानत. ऐकताना मला देवळातली ती रात्र आठवत होती. मी त्याला दोऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला ती नीट कळली नाही, माझं इंग्रजी अपुरं पडलं. म्हणून खोलीतून टेपरेकॉर्डर आणला आणि भीमसेनजींची कॅसेट लावली. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं, नुसते तंबोरे चालू होते. तो स्पीकरला कान लावून बसला आणि एकदम ओरडला, "बॉटल कॅप्स!"

शास्त्रीय संगीतावर मी पुष्कळ वाचलंय, पण त्या दोन शब्दांइतकं नेमकं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. त्याच्या फळीवरची दोन बुचं गंजून गळायला आली होती. कँटीनमधून गोल्ड स्पॉटची नवी बुचं आणून आम्ही ती बसवली. त्या वर्षी शोनांच्या पूर्वजांना आमच्या कँटीनच्या बुचांनी साद घातली, याचा मला आजही आनंद आहे. २०२०मध्ये युनेस्कोनं म्बिरा बनवण्याच्या आणि वाजवण्याच्या कलेला आपल्या यादीत घेतलं, त्या दिवशी त्याला कळवावंसं फार वाटलं. पत्ता कधीच हरवला होता.

तेव्हापासून 'तुला काय आवडतं, क्लासिकल की वेस्टर्न, भावगीत की गझल?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या आवडीच्या भिंती तिथून जातच नाहीत. मी खरखर शोधत फिरतो, आणि ती भलत्याच ठिकाणी भेटते.

इथिओपियात बेगेना नावाचं वाद्य आहे. दहा तारांचं, बसलेल्या माणसाच्या उंचीचं. दावीद राजाचं वाद्य म्हणून तिथले ख्रिस्ती लोक त्याला मानतात आणि ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात ते ऐकतात. अलेमू आगा यांचं वादन मी पहिल्यांदा ऐकलं ते रात्री, हेडफोनवर. गाणं म्हणजे जवळजवळ पुटपुटणं, देवाच्या कानाशी बोलल्यासारखं, आणि खाली तारांचा तो जाड, घोगरा गुंजारव. कान एकदम टवकारले. हा आवाज माझ्या ओळखीचा होता! मग शोधून पाहिलं, तर प्रत्येक तारेखाली, घोडीपाशी, चामड्याचा छोटा तुकडा बसवलेला असतो आणि तो पुढं-मागं सरकवून आवाज जुळवतात. मिरजेत दोरा, तिथं चामडं. मी उठून दिवा लावला आणि घोडीचा तो फोटो मोठा करून करून कितीतरी वेळ बघत बसलो.

शामिसेन या जपानी तंतुवाद्याला हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं केलेली असते. सगळ्यांत जाड तार वरच्या टोकाला मुद्दाम दांडीला टेकू देतात, की ती गुणगुणते. त्याला म्हणतात 'सावारी'. सावारी, जवारी! नातं असो-नसो, यमक मला पुरतं. तोरू ताकेमित्सु या संगीतकारानं या सावारीवर फार मनापासून लिहिलंय. त्या शब्दात 'स्पर्श' आहे आणि 'अडथळा'ही आहे, हे तो दाखवतो; वाद्याला मुद्दाम घातलेली अडचण हीच त्याची वाचा होते, असा त्याचा विचार. चाचांनी त्याला चहा पाजला असता. उत्तर जपानातल्या त्सुगारू भागात अंध वादक दारोदार फिरून शामिसेन वाजवत, बर्फातसुद्धा. ताकाहाशी चिकुझान (१९१०–१९९८) त्यांतलेच. त्यांचा आघात ऐकताना मला आमच्या गोंधळ्यांचं तुणतुणं आठवतं. तसंच टोचणारं, तसंच झोप उडवणारं. पश्चिम आफ्रिकेतल्या बालाफोन या वाद्याच्या लाकडी पट्ट्यांखाली भोपळे टांगतात आणि भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, का तर तो फुरफुरावा म्हणून. पुन्हा भोपळाच.

आणि किन्शासा. काँगोच्या त्या राजधानीत मावांगू मिंगिएदी यांनी लिकेंबे, म्हणजे म्बिराची बहीण, विजेवर चालवली. शहराच्या गोंगाटात ती ऐकूच येईना, म्हणून मोटारींच्या भंगारातल्या लोहचुंबकांपासून त्यांनी माइक बनवले. त्या माइकांतून सूर फाटून बाहेर पडला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. कोनोनो नंबर वन या त्यांच्या चमूचा आल्बम २००४मध्ये बाहेर जगभर पोचला. माझ्या मुलीनं तो स्वयंपाकघरात फोनवर लावला होता. मी बाहेरून ओरडलो, "फोनचा स्पीकर गेलाय बघ." ती म्हणाली, "नाही बाबा, ते तसंच वाजवतात." मी हातातलं टाकून आत गेलो. पोळ्या होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो. अमेरिकेत लिंक रे या गिटारवादकानं १९५८च्या सुमारास अँप्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली, तीसुद्धा याच ओढीनं. रॉक गिटारची फाटकी गर्जना माझ्या पिढीतल्या अनेक संगीतप्रेमींना सहन होत नाही. मला ती परकी वाटत नाही. भोकं पाडून का होईना, त्या मुलांनी जवारीच काढली होती.

गळ्यांचंही तसंच. स्पेनच्या फ्लामेंकोत खरखरीत, घोगऱ्या आवाजाला स्वतंत्र नाव आहे, एल फियो या एकोणिसाव्या शतकातल्या गायकावरून पडलेलं, आणि ते नाव मानानं घेतात. आपल्याकडे असं नाव नाही याची मला खंत आहे. बेगम अख्तर वरच्या सुराला जाताना आवाज एका जागी चिरतो, आणि मैफलीतले जाणते त्या चिरण्याचीच वाट बघत असत. शाहीर अमर शेखांचा आवाज कानावर पडला की अंगावर काटा येतो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या उतारवयातल्या गाण्यात श्वास, खोकल्याची चाहूल आणि सूर एकत्र येतात, आणि त्यातलं काहीही वगळायला माझं मन होत नाही.

१९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने तिच्यात आहेत. त्यांत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आंधळा विली जॉन्सन हा टेक्ससचा काळा गायक आहे, ज्यानं १९२७मध्ये एकही शब्द न उच्चारता नुसतं कण्हत, हुंकारत, गिटारच्या तारेवरून घसरत एक गाणं गायलं. बल्गेरियाची वाल्या बाल्कान्स्का आहे, तिच्यामागं दोन मशकवाद्यं तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून आहेत. हे तिघं माझ्या घरातही एकाच कप्प्यात असतात. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. रात्री गच्चीवर गेलो की कधीकधी मी तो अकरा दिवसांचा हिशेब मनात करतो.

सगळंच मला आवडतं असं नाही. ऑपेरातला तासून गुळगुळीत केलेला स्त्रीस्वर मी अनेकदा, आदरानं, पूर्ण बसून ऐकलाय. त्यातली मेहनत दिसते, पण माझ्या आत काही हलत नाही. हल्लीच्या पुष्कळ गाण्यांत गळ्याचा सूर यंत्रानं ताणून सरळ केलेला असतो, ते ऐकताना तर मला इस्त्री केलेल्या माणसांच्या घोळक्यात उभं राहिल्यासारखं होतं. मधे एका मोठ्या सभागृहात एका चांगल्या गवयाचं गाणं ऐकलं. मागं दोन तंबोरे होते, मुली इमानदारीनं छेडत होत्या, पण ध्वनियंत्रणेवर बसलेल्या माणसानं त्यांचे माइक जवळजवळ बंद ठेवून फोनमधला तंबोरा लावला होता. दर काही सेकंदांनी तोच आवाज त्याच जागी परत येत होता. सांधा ऐकू येत होता. एकदा तो सांधा कानात बसला की राग कानात शिरत नाही. त्या दोन मुलींच्या बोटांकडे बघून मला खूप वाईट वाटलं.

आत्याचे कान जायला लागले सत्तरीनंतर. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं. बोलणं नीट ऐकू यायला लागलं, दाराची बेल ऐकू यायला लागली, ती खूश होती. मग एक दिवस तिनं तंबोरा काढायला सांगितला. चाचा जाऊन वीस वर्षं झाली होती. तारा मीच जुळवल्या. ती ऐकत राहिली, कपाळाला आठ्या घालून. "डबा वाजवतोयस का रे?" मी परत जुळवल्या. परत तेच. मग लक्षात आलं. अखंड चालणारा सूर त्या यंत्राला गोंगाट वाटतो किंवा शिट्टी वाटते, आणि ते तो दाबून टाकायला बघतं. माणसाचं बोलणं ठेवतं आणि जवारी काढून घेतं.

मी तिला हे मोठ्यानं, दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही कानांतली यंत्रं काढून डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. म्हणाली, "आता मला जवळ घे त्याच्या."

तंबोरा मी तिच्या खांद्याला टेकवून उभा धरला. तिनं जबडा दांडीवर टेकवला, दातांवर दात आवळले आणि डोळे मिटले. दोरे जुने होते, मी चारही बदलले. खर्जाचा आधी. तिनं हात वर करून खुणेनं सांगितलं, अजून पुढं, अजून, आणि मग हात खाली आला. तार छेडली तेव्हा खरोखरच उघडली होती. मग पंचम. मी नखानं दोरा रेटत होतो, दुसऱ्या हातानं तार वाजवत होतो आणि मला अजून नुसतं 'टण्' ऐकू येत होतं.

"थांब," ती म्हणाली.

मी बोट उचललं. तार परत छेडली. पहिल्या क्षणी काही नाही, आणि मग ती गुणगुणायला लागली, पातेल्यातल्या पाण्यासारखी, आणि आत्याच्या गालावरची सैल कातडी तिच्याबरोबर बारीक थरथरताना मला दिसली.

"हं," ती डोळे न उघडता म्हणाली. "आता जोड."